बोलावण्याची सहा रूपं

डोंबिवली पूर्व
१८ जानेवारी

लाडक्या प्राचीस,

तुला, पाब्लोरावांना आणि आमच्या नातीला, इनेसबाईंना, पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघाही बरा आहे, तू विचारायच्या आधीच सांगून टाकते. व्हॉइस मेसेजच करणार होते, पण माझा आवाज ऐकला की तू लगेच "आई, काय झालं?" सुरू करतेस आणि मला बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून हाताने लिहून फोटो पाठवते आहे. अक्षर लावून वाच.

बातमी एकच, पण मोठी. आपली बिल्डिंग अखेर पाडणार. बिल्डरबरोबर सह्या झाल्या, होळीच्या आत सगळ्यांनी घरं रिकामी करायची. नवी तीन वर्षांत उभी राहील म्हणतात, म्हणजे तू पाच धर. तळमजल्यावरच्या भीमाबाई विठ्ठलवाडीला मुलाकडे चालल्या. दौलतमामा म्हणाला, ताई, खडवलीला ये, मागची खोली तुझीच समज. जीव लावतो गं माझा भाऊ. पण त्याच्या घरी उठल्या उठल्या टीव्ही लागतो तो झोपतानाच बंद होतो. वेड लागेल मला.

मग तुम्ही कुठे जाणार, असं जिन्यात जो तो विचारतो. त्याचं पुढे लिहिते.

आधी क्लासचं ऐक. आमच्या स्पॅनिशच्या बाई म्हणजे संचिता, खोपटहून येते, तुझ्याहून लहान. मी तिला अगं म्हणते, ती मला काकू. तिने आता नवीन भानगड काढली आहे. घडून गेलेल्या गोष्टीचं रूप वेगळं आणि घडावी असं आपल्याला नुसतंच वाटत होतं, त्या गोष्टीचं वेगळं. आपण "तू यावंस" म्हणतो ना, साधारण तसं. करायला सोपं आहे. 'त्यांनी केलं' हे भूतकाळातलं रूप घ्यायचं, त्याचं 'रोन' हे शेपूट छाटायचं आणि तिथे रा, रास, रा, रामोस, राइस, रान चिकटवायचं. क्रियापद सरळ स्वभावाचं असलं की कुठे अडत नाही.

प्रत्येकाला एकेक क्रियापद दिलं. माझ्या वाट्याला आलं इन्बितार. म्हणजे बोलावणं, आमंत्रण देणं. लिहितात व आणि म्हणतात ब, त्यांचं त्यांना लखलाभ. मी 'इन्बितारोन'चं शेपूट छाटलं आणि उभी राहून घडाघडा म्हटलं: इन्बितारा, इन्बितारास, इन्बितारा, इन्बितारामोस, इन्बिताराइस, इन्बितारान. रामोसच्या वेळी 'ता'वर जोर द्यायचा असतो, तोही दिला. संचिता खूश झाली. म्हणाली, काकू, आता यातलं 'तू'चं रूप घ्या आणि वाक्य करा. "मला वाटत होतं की तू..." असं.

वाक्य तोंडात तयार होतं. पण डोळे भरून आले, चारचौघांत नुसती शोभा. संचिताने पाणी दिलं आणि काही न विचारता पुढच्या मुलीकडे वळली. समजूतदार आहे पोरगी.

आता जिन्यातलं. भीमाबाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी प्राचीकडे जाणार, वालेन्सियाला." झालं, बिल्डिंगभर बोभाटा. कुणी तुझ्यासाठी मेतकूट करून देणार आहे, कुणी मला गरम मोजे आणून दिलेत. दौलतलाही मी तेच ठोकून दिलं. सगळ्यांना सांगून झालं, तुलाच तेवढं सांगायचं राहिलं. सांगणार तरी काय, तू बोलावलंच कुठे आहेस?

तू दरवेळी म्हणतेस, आई, तुला इथे करमणार नाही, भाषा येत नाही, दिवसभर एकटी काय करशील? इनेसशी बोलता यावं म्हणून स्पॅनिश शिकते, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंच आहे, पण अर्धं. "भाषा येत नाही" म्हणायला तुला जागाच उरू नये, म्हणूनही शिकते आहे. या वयात शेपटं छाटत बसायची हौस नाही मला.

तर क्लासमध्ये राहिलेलं वाक्य इथे लिहिते. केरीया के मे इन्बितारास. मला वाटत होतं, तू मला बोलवावंस.

चूक नसावी. पण प्राची, हे नुसतं वाटत राहायचं रूप आहे आणि मला आता वाटत राहायचा कंटाळा आला. म्हणून सरळ मराठीत सांगते. मला बोलाव. तुझ्याजवळ राहायचंय मला. जमणार नसेल तर तसं लिही, मी खडवलीला जाईन. थोडी रडेन, पण तुझ्यावर रागावणार नाही. फक्त "बघू गं" म्हणू नकोस.

अजून एकही खोका न बांधलेली,
तुझी आई