प्रेमिला, मी आणि बासष्टची फियाट

११ जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरनं आज स्पष्टच सांगितलं — गाडी चालवणं बंद! काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. गेलेलं परत येत नाही म्हणे.
प्रेमिलानं विचारलं, "अन् जे उरलं ते?"
डॉक्टर थेंबांची चिठ्ठी लिहीत राहिला.
घरी आल्यावर फियाटवरचं कापड काढलं. बासष्टचं मॉडेल. खापरखेड्याला वीजकेंद्रात नोकरीवर असताना घेतली होती, गंजलेली. रंगापासून इंजिनपर्यंत सगळं माझ्या हातचं. कापड परत टाकलं.

१५ जानेवारी
थेंब. डोळे चुरचुरतात. गाडी तशीच उभी.

२ फेब्रुवारी
पुण्याहून सौरवचा फोन. "बाबा, आता विकूनच टाका. जुन्या गाड्यांचे भाव भारी चढून राहिले. मस्त इन्व्हेस्टमेंट निघाली तुमची."
इन्व्हेस्टमेंट! त्याच गाडीतून ह्याला दवाखान्यातून घरी आणलं होतं. मी म्हटलं, "अन् तू? तू पण इन्व्हेस्टमेंटच का रे माझी?" नंतर मलाच वाईट वाटलं.
विकायला घेतलीच नव्हती. रविवारी अंबाझरीपर्यंत न्यायची, इंजिन ऐकायचं, परत यायचं — एवढंच तर!

१८ फेब्रुवारी
आज फार वाईट झालं. प्रेमिला भाजीला गेली अन् मी गाडी काढली. कोपऱ्यापर्यंतच, म्हटलं. वळणावर डावीकडून सायकल आली — दिसलीच नाही! फक्त आवाज आला.
समोरच्या घरातली भूमिका, नववीतली पोर. गुडघा सोलला, तेवढ्यावर निभावलं. तिची आई शोभाताई धावत आली. वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच बोलली — "काकाजी, काहून काढली हो गाडी? पोरीवरून गेली असती म्हणजे?"
किल्ली प्रेमिलाच्या हातात ठेवली. जेवण गेलं नाही.

१० मार्च
मीच निरोप धाडला होता. रायपूरचं गिऱ्हाईक आलं. कागद पाहिले, नंबर पाहिले, फोटो काढले. बॉनेट उघडायला सांगितलंच नाही.
"चालू करून दाखवतो," मी म्हटलं.
"जरूरत नाही काकाजी. चालवायची थोडीच आहे! एसी गोडाऊनमध्ये ठेवतो. भाव आला की काढतो."
"कधीच चालवत नाही?"
"किलोमीटर वाढले की किंमत उतरते ना!"
तरी मान हलवली. माझ्याच्यानं कुणाचं पोर चिरडायला नको, बस्स.
तेवढ्यात प्रेमिला चहा घेऊन आली. कप ठेवला आणि म्हणाली, "चहा घ्या भाऊ. गाडी नाही द्यायची आम्हाले."
जन्मभर फियाटला सवत म्हणणारी बाई! माणूस गेल्यावर विचारलं, "काहून वं?"
"पाहणं गेलं तुमचं. आता ऐकणंही कशाले घालवता?"
मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

२१ जून
प्रेमिला म्हणते, बसा, इंजिन चालू करा, ऐका. करतो. पण उभ्या गाडीचं इंजिन म्हणजे खाटेवरच्या माणसाचा श्वास. दोन मिनिटांत बंद केलं.

९ ऑगस्ट
ओळीवर ओळ चढते. दिवसाढवळ्या दिवा लावून बसलो. काय लिहिलं ते मलाच वाचता येत नाही. आता बहुतेक

२ नोव्हेंबर
मी प्रेमिला. ह्यांना आता दिसत नाही. हे सांगतात, मी लिहिते, असं ठरलं. पण आजचं मी माझंच लिहून राहिले.
मागच्या महिन्यात लायसन आलं माझं. आज फियाट भिवापूरला आणली, माझ्या माहेरी. उमरेड रोडनं, सगळा रस्ता मीच! हे बाजूला बसून इंजिन ऐकत होते. मधेच म्हणाले, "तिसरा गिअर टाक वं."
मी आधीच टाकला होता.