आठ, सोळा आणि आईचे अठरा

आप्पा, तुमचा अँप्लिफायर मागच्या महिन्यात मी जवळजवळ जाळलाच होता. तुम्ही असतात तर कान पिळला असतात, म्हणून आधीच सांगतो. तुम्ही गेल्यापासून तो चादरीखाली होता, आणि स्पीकर खाऱ्या हवेनं संपलेत. कडेच्या फोमला बोट लावलं की पिठासारखा गळतो. कॉलेज अर्ध्यात सोडून मी मांडववाल्याकडे कामाला लागलो ना, तिथले स्पीकरचे चार मोठे खोके आणले आणि दोन-दोन एकेका बाजूला जोडले. आवाज काय फुटला म्हणून सांगू! रविवारी सकाळी तुम्ही बटण जेमतेम सरकवायचात, मी पुरतं फिरवलं की ओरडायचात, "अरे, घरात ऐकतोयस, पार बंदरावरच्या मिरकरवाड्याला ऐकवत नाहीयेस!" ते आठवून हसतोय, तोवर अँपच्या वरची जाळी तव्यासारखी तापली, करपल्याचा वास आला आणि फ्यूज उडाला. आई म्हणाली, "तुझ्याच वळणावर गेलाय मेला."

मग मी तिला फोन केला. ती म्हणजे माझ्या वर्गात होती ती, फिजिक्सवाली. ती आता पुढच्या शिक्षणाला कोल्हापूरला निघालेली. त्याआधी एकदा तिला घरी बोलवायचं, तुमचा अँप ऐकवायचा आणि मनातलं बोलून टाकायचं, एवढ्यासाठी माझी सगळी धडपड. ती म्हणते, "मागे काय लिहिलंय ते वाचलंस?" मी म्हटलं, "वाचून काय होतंय?" "वाचून वर्ष पास होता येतं. बघ आधी." फोन स्पीकरवर टाकून मी अँपच्या मागे टॉर्च मारला. आठ ते सोळा ओहम. आठवाले दोन खोके असे जोडले की चारच होतात म्हणे, मग अँपवर ताण येतो आणि तो तापतो. "म्हणजे आठ जुळतील?" "जुळतील की. सोळाही चालतील."

तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. "सोळा? छे रे! अठरा तरी जुळायलाच हवेत! पत्रिका बघितली कुणी? आणि मला न विचारता?"

मी फोन हाताखाली झाकला. पलीकडे ती हसायला लागली, थांबेचना. "काकू, स्पीकरचं चाललंय आमचं!" आई ओशाळली, पण माघार घेईल तर ना. "असू दे. तरी तुझी जन्मवेळ सांगून ठेव." आणि आप्पा, तिनं सांगितली.

त्यानंतर मला कुठला धीर निघतोय! फ्यूज बदलला, सुदैवानं आतलं काही गेलं नव्हतं. शिरगावात एका बाईंच्या पडवीत आठ ओहमची जुनी जोडी मिळाली, वर कुंड्या ठेवलेल्या. कडा कापडाच्या, म्हणून हवेनं खाल्ल्या नाहीत. आपल्या अँपची ताकद बेताची, पण तेवढ्यावरही हे मोकळे वाजतात. ती निघायच्या आदल्या दिवशी आली, जमिनीवर भिंतीला टेकून बसली. मी बटण थोडंसंच सरकवलं. मनातलं बोलायचं राहिलंच, जाताना तीच म्हणाली, "दिवाळीत येतेय. तोवर राहिलेल्या वर्षाचा फॉर्म भर, नाहीतर काकूंना अठरा जुळवून काय उपयोग?" भरला मी, कालच.

हे तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही, म्हणून एक खरं सांगतो. गाणं चालू असताना ती म्हणाली होती, "गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतोय रे." मी हो म्हटलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, आप्पा. मी तिच्याकडे बघत होतो.