डावा कौल

३ ऑक्टो., सुर्ला
पणजीच्या डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. बाबांच्या हृदयाची झडप गेली आहे. ऑपरेशन दिवाळीच्या आत, नंतर शरीर सोसणार नाही. परतताना बसमध्ये बाबा एकच वाक्य बोलले. "देवाक इचारल्याबिगर माका खंय नेव नको."

५ ऑक्टो.
आईसोबत देवळात, कौल लावायला. गुरवांनी देवाला ओल्या पाकळ्या लावल्या. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आईने घाबरून दोन गोष्टी एकदम विचारल्या: ऑपरेशन करावं का, आणि ते पणजीलाच करावं का. डावी पडली.
नकार दोन्हींतल्या कशाला?
गुरव चिडले. देवाला एका वेळी एकच विचारायचं, हे तुम्हाला सांगायला हवं? सोमवारी या म्हणाले.

७ ऑक्टो.
शब्दकोश काढला. कौल: देवाची आज्ञा. अभयपत्र. मतदारांचा कल. मूळ अरबी, अर्थ बोलणे. छपरावरचं कौल निराळं, त्याचं मूळ दुसरं.
बाबांच्या जोडीला खनिजाचा ट्रक चालवायचे ते हुबळीचे इमामसाब बघायला आले. त्यांना अर्थ विचारला. त्यांच्याकडे कौल म्हणजे दिलेला शब्द, बस. बाबांना चिडवत होते, "तेरे देव कू पाकळी लगती, मेरे कू नै." बाबा हसले. हसताना धाप लागली.

९ ऑक्टो.
सोमवार. देवळात कौल नाही. गुरवांचा चुलतभाऊ वारला. गुरवांची सगळी घरं एकाच भावकीतली, म्हणून सुतक सगळ्यांना. शेजारच्या गावच्या देवाला विचारू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "त्या देवाक माजी काय वळख?"

१३ ऑक्टो.
पाय सुजलेत. उशीला टेकून बसूनच झोपतात. मी म्हटलं, मी आणि इमामसाब तुम्हाला उचलून नेणार. बाबांनी माझा हात धरला.
"इमाम देता तसो कौल दी माका. इचारल्याबिगर नेवचंस नाय."
आई दारातच उभी होती. हात सोडेनात. दिला.

१६ ऑक्टो.
हॉस्पिटलमधून फोन. उद्या सकाळी खाट रिकामी आहे, पुढचं सांगता येत नाही. सुतक अजून फिटलेलं नाही.
इमामसाबना विचारलं, शब्द मोडला तर? म्हणाले, "दिया सो दिया." आणि लगेच, सकाळी जीप घेऊन येतो म्हणाले. मी काय समजायचं?
संध्याकाळी आईने बाबांचा टॉवेल, औषधं, धुतलेली लुंगी पिशवीत भरली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, असू दे. पिशवी दाराजवळ ठेवली. बाबांनी ती पाहिली. तोंड भिंतीकडे वळवलं.