पडद्यावर दाजींचं नाव

दिघी

ती. ताईस, रामचंद्राचा पाया पडून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत? प्राप्ती आईला वेळच्या वेळी फोन करते ना?

सोमवारी सकाळी कारखान्यात शिरलो आणि पडद्यावर वाचलं, ‘अमोनियाचा भोंगा बंद केला: धर्माजी.’ दाजींच्या खुर्चीकडे बघायचा धीर होईना. त्यांचं दुसरं वर्षश्राद्ध झालं, तरी सगळे त्यांच्याच नावाने मशीन चालवतात, कारण त्या नावाने आत शिरलं की सगळं उघडतं.

“भोंगा कुणी बंद केला?” मी विचारलं.

मशीनवरचा पोरगा केतन हसला. “धर्माजीकाकांनीच केला असंल, मामा! अजून ड्युटी सोडली न्हाय त्यांनी.”

आत बायका कोळंबी सोलत होत्या; बर्फाच्या मशीनचा वायू गळला तर त्यांना सावध करणारा भोंगा तोच. वायू सुटला नव्हता, घाबरू नकोस. पण भोंगा कुणी बंद केला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळा कारखाना एका पडद्यावरून चालवायला नवं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. निवड साहेबांनी माझ्यावर सोपवली. एकात जुनी नावं तशीच राहतात. दुसऱ्यात स्वतःचं बोट टेकवल्याशिवाय भोंगाही बंद होत नाही. माझं मन पहिल्याकडेच ओढत होतं गं. रोज सकाळी त्यांचं नाव दिसायचं, मी मनात हात जोडायचो.

फोनवर हे सांगवलं नसतं. काल दुसऱ्यावर सही केली. मग जुन्या पडद्यावरून दाजींचं नाव काढलं. ते दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही.

तुझा धाकटा,
रामचंद्र