चारचा फोन

अण्णा, यशवंतपूरच्या आपल्या घरातली टेलिफोनची लाइन मी गेल्या महिन्यात दुरुस्त केली. हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं. बाकी कुणाला सांगितलं तर "बरं झालं" म्हणतील आणि विषय संपेल, "सुरुवात कुठून केलीस?" असं विचारणारे तुम्ही एकटेच होतात. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. आता त्या तांब्याच्या तारेतून बोलणं कमी आणि इंटरनेट जास्त येतं. गल्लीत फायबरची नवी वायर आली आहे, पण ती आपल्या घरापर्यंत आणायची तर मागच्या इमारतीच्या गच्चीवरून आणावी लागते आणि तिथले मालक ऐकत नाहीत. दोन उंच इमारतींच्या मधे आपलं बैठं घर बुडून गेलंय, मोबाइलला धड रेंज नाही. त्यामुळे टेलिफोन खात्यात लाइनमन असताना तुम्ही स्वतःच्या हातांनी ओढलेली ती जुनी लाइन, तिच्यावरच माझं काम चालतं.

काम तुम्हाला ठाऊक आहे तेच. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांना बोलायला शिकवणं. फरक एवढाच, की पूर्वी मुलं माझ्याकडे यायची आणि आता बरीचशी पडद्यावर भेटतात. त्यांतली एक चार वर्षांची मुलगी आनेकलला राहते. तिच्या कानाला यंत्र बसवून वर्षसुद्धा झालेलं नाही. आई कपड्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाते, साडेतीनला घरी येते आणि चार वाजता मुलीला मांडीवर घेऊन फोन समोर धरते. आनेकलहून दोन बस बदलून माझ्यापर्यंत यायचं तर तिचा एक दिवसाचा खाडाच व्हायचा. म्हणजे चारची वेळ बदलता येण्यासारखी नाही. आणि नेमकं चारलाच, अण्णा, इंटरनेट जायचं. मी ओठांवर बोट ठेवून "ब" म्हणतेय, मुलगी माझ्याकडे टक लावून बघतेय, आणि माझं तोंड तिच्या पडद्यावर तसंच उघडं थिजलेलं. पुन्हा जोडणी होईपर्यंत पाच-सात मिनिटं जायची, तोवर ती उठून गेलेली असायची. एक दिवस तिची आई म्हणाली, "मॅडम, तुम्ही अशा थांबलात की ती कानाचं मशीन काढून उशीखाली लपवते. तिला वाटतं, आपलं चुकलं म्हणून मॅडम रागावल्या." 

कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. भला माणूस होता, पण यायचा सकाळी अकराला, आणि तेव्हा सगळं उत्तम चालू. पहिल्यांदा त्याने मोडेम बदलला, दुसऱ्यांदा खांबावरचं कनेक्शन पाहिलं, तिसऱ्यांदा हात जोडून म्हणाला, "खांबापर्यंत लाइन क्लिअर आहे मॅडम. घरातलं वायरिंग फार जुनं आहे. कुणी केलंय हे?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी." आणि मला उगाचच तुमचा राग आला.

तो गेल्यावर मला मल्लेश्वरमचा एक रविवार आठवला. मी तेरा-चौदा वर्षांची आहे, आई जाऊन वर्ष झालंय, घरी एकटी कशी ठेवायची म्हणून तुम्ही मला कामावर घेऊन आला आहात. एका वकिलांच्या घरी फोन बंद आहे. तुम्ही आत चहा घेत असता, तेवढ्यात मी हुशारी म्हणून सोफ्यामागची एक वायर ओढून मोकळी करते. तुम्ही सगळ्यांसमोर मला झापता. "अंदाजाने हात लावायचा नाही! लाइन घरात कुठून शिरते ते आधी बघ. तिथे डायल टोन आहे का बघ. असेल तर पुढच्या जोडापर्यंत चाल. टोन जिथे हरवतो तिथे दोष." त्याच दिवशी परत येताना मी तुमच्या कमरेचा तपासणीचा फोन मागितला, मैत्रिणीला एकच फोन करायला. तुम्ही म्हणालात, "हा खात्याचा आहे, आपला नाही." मी यशवंतपूर येईपर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते. पण तो झापलेला धडा मात्र डोक्यात राहिला. मुलांना शिकवतानाही मी तसंच करते, आवाज कुठपर्यंत पोचतोय ते बघते आणि तिथून पुढे चालते.

मग शनिवारी शिडी घेतली. बाहेरच्या भिंतीतून वायर जिथे आत येते तिथल्या डबीपाशी जुना फोन जोडला. स्वच्छ टोन. तिथून हॉल, तिथेही टोन. हॉलमधून स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेलेली वायर कुठे जाते मला माहीत नव्हतं. आईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांमागे हात घातला तर तुमचा जोड सापडला. पीळ नेहमीसारखा नेटका, पण तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. आणि त्या जोडातून एक वायर निघून सरळ भिंतीच्या भोकात गेली होती. पलीकडे आपलं घर नाही, अण्णा. पलीकडे शेजारच्या अक्कांचं स्वयंपाकघर आहे.

अक्का आता नव्वदीला टेकल्या आहेत. मी गेले तेव्हा दारात तांदळाच्या कण्यांची रांगोळी घातली नाही म्हणून कामवालीवर कुरकुरत होत्या. मी विचारलं, "अक्का, आमच्या घरातून तुमच्याकडे फोनची वायर आलीय का?" त्या लाजल्यासारख्या हसल्या आणि मला आत घेऊन गेल्या. देवघराशेजारी काळा फोन, आणि त्यावर नंबर फिरवायची तबकडीच नाही. तिच्या जागी तुम्ही पत्र्याची गोल चकती बसवलेली.

"माझा मुलगा परदेशी गेला तेव्हा मी फोनसाठी अर्ज दिला होता," अक्का सांगू लागल्या. "तीन वर्षं नंबरच लागेना. तू शिकायला म्हैसूरला होतीस. तुझे अण्णा एका रविवारी आले, स्वतः भोक पाडलं, हा फोन लावला. म्हणाले, अक्का, हे नियमात बसत नाही. म्हणून याच्यावरून बाहेर फोन लागणार नाही. मुलाने रविवारी चारला आमच्या नंबरवर करावा, तुम्ही उचलायचा. मी उचलणार नाही."

मला एकदम आठवलं. मी सुट्टीत घरी आले की रविवारी चारला फोन वाजायचा आणि तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणायचात, "वाजू दे. आपला नाही." दोन-तीनदा वाजून तो थांबायचाही. मी समजत होते, राँग नंबर.

"पण आता तर मुलगा मोबाइलवर दिसतो ना तुम्हाला?"

"दिसतो की. नातवंडंही दिसतात."

"मग हा फोन अजून उचलता?"

"रोज. चार वाजता. टोन ऐकते आणि ठेवते." अक्कांनी रिसीव्हरवरची धूळ पदराने पुसली. "तुझ्या अण्णांनी सांगितलं होतं, अक्का, रोज एकदा उचलून बघा, टोन नसेल तर मला हाक मारा, रविवारची वाट बघू नका. आता पुरे, असं सांगायला ते काही परत आले नाहीत."

मी तिथे खाली पाटावर बसले. इतके महिने मी ज्या कंपनीला, मोडेमला, पावसाला आणि शेवटी तुम्हाला दोष दिला, तो दोष म्हणजे अक्का रोज तुमचा शब्द पाळत होत्या. त्यांनी रिसीव्हर उचलला की त्या कुजक्या जोडामुळे माझी लाइन पडायची. मी त्यांना यातलं काही बोलले नाही. "वायर जुनी झालीय, नवी घालते" एवढंच म्हटलं.

सोमवारी कंपनीच्या माणसाला बोलावलं. मोडेम लाइन जिथून शिरते तिथेच बसवला, तिथेच इंटरनेट आणि फोन वेगळे करणारा स्प्लिटर लावला. माळ्यावरचा जोड मी माझ्या हाताने कापला. तो म्हणाला, "पलीकडची वायर काढूनच टाकू या ना मॅडम? स्वल्प काम आहे." मी म्हटलं, नको, स्प्लिटरच्या फोनच्या बाजूने नवी वायर टाक, त्याच भोकातून. त्या दिवशी चार वाजता मी एक कान भिंतीकडे ठेवून बसले होते. अक्कांनी फोन उचलला असणार, ठेवला असणार. पडद्यावर आनेकलची मुलगी हलत होती, हसत होती. पूर्ण अर्धा तास. तीन आठवड्यांनी तिच्या घरासमोर बसने जोरात हॉर्न दिला, ती दचकून खिडकीकडे वळली आणि म्हणाली, "बस्सु." मी शिकवलेला शब्दही नव्हता तो. तिची आई रडायला लागली, आणि मुलगी आईच्या तोंडावर हात ठेवून पुन्हा पुन्हा "बस्सु, बस्सु" म्हणत राहिली.

नियमाला इतके कडक असलेले तुम्ही, भिंतीला भोक पाडताना तुमच्या मनात काय आलं असेल याचा मी खूप विचार करते. तबकडी काढून टाकण्यात तुम्ही खात्याचाही मान ठेवलात आणि अक्कांचाही. मला मैत्रिणीला फोन करू दिला नाहीत याचं आता काही वाटत नाही. उलट, जे मला दिलं नाहीत ते कुणाला आणि कशासाठी दिलंत हे कळलं, याचं समाधान वाटतं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते.

तुम्ही गेलात त्यानंतरच्या दिवसांत घरात माणसं भरली होती आणि फोन सारखा वाजत होता. मला सहन होईना, म्हणून मी रिसीव्हर काढून टेबलावर ठेवून दिला आणि तेरावा होईपर्यंत तसाच राहू दिला. पाचव्या-सहाव्या दिवशी अक्का दारात येऊन म्हणाल्या, "टोन येत नाही गं." मला वाटलं, त्यांच्या स्वतःच्या लाइनचा फोन. मी तुटकपणे म्हटलं, "ऑफिसात तक्रार द्या, अक्का. अण्णा आता नाहीत." त्या मान हलवून निघून गेल्या. मधे एक रविवार येऊन गेला. त्या रविवारी मुलाने फोन केला होता का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.