वर-खाली निखारे

डोंबिवली, १२ जानेवारी १९५२
सौ. अजून अंथरुणावरच. डॉ. म्हणाले, पोट नाजूक झालंय, तेल-तिखट बंद. बाकी जे खाईल ते खाऊ द्या. खाते एकच. भरली वांगी, तीही फोडणीची नव्हेत, वर-खाली निखारे ठेवून भाजलेली. पेज, मऊ भात, शेजारच्या मालतीबाईंचं वरण, सगळं ताटलीच्या कडेला सारते. म्हणून मी शेगडीपाशी.

खोबरं, तीळ, कूट, गूळ भरायचं. पातेल्यावर झाकण, झाकणावर निखारे. मधे उघडून बघायची सोय नाही, राख आत पडते. झालं की नाही ते वासावरून ओळखायचं, आणि माझं नाक पाठशाळेपासून तपकिरीला वाहिलेलं. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान शिकलो. वासावरून वांग्याचं कुणी शिकवलं नाही.

आतल्या खोलीतून सौ. म्हणाली, "काढा आता." काढली. बरोबर झाली होती. दोन खाल्ली तिने.

१७ जाने.
मोहने गावाहून येणारी भाजीवाली टोपली उतरवताना म्हणाली, "भाऊ, आज पन वांगीच? बाय कंटालली नाय का?" वर एक पडवळ आपणहून टाकलं. त्याचे तुकडे करून भरले, निखारे ठेवले. थोड्या वेळाने आतून: "पंडित, गूळ विसरलात." खरंच विसरलो होतो. न चाखता, न बघता, पलीकडच्या खोलीतून! याला प्रत्यक्ष म्हणावं की अनुमान, टीकाकारांत भांडण होईल.

२३ जाने.
ठाण्याला टेंभी नाक्यावर सभा होती. वर्तमानपत्राला बातमी पाठवायची होती, गेलो नाही. संपादक रागावतील. रागावोत.

वांगी लावून बसलो वाट बघत. आतून काही नाही. झोपली असेल म्हणून डोकावलो, तर जागी. म्हणाली, "आज शेगडी नाही पेटवलीत?"

मी काही बोलायच्या आत मालतीबाई दारात. "भाऊ, काय करपतंय हो? जिन्यापर्यंत वास येतोय."

सौ.ने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे वळली.

पातेलं राखेनं घासत बसलो, बराच वेळ. तिच्या पोटात आज काही नाही.

२४ जाने.
डॉ. म्हणतात, अशक्तपणात वास येईनासा होतो कधीकधी. परत येईल? "बघू." या एका शब्दावर त्यांची निम्मी प्रॅक्टिस चालते.

तपकिरीची डबी मालतीबाईंकडे दिली. बजावलं, मागितली तरी देऊ नका. दुपारी मागितली. दिली नाही.

२ फेब्रु.
शिंका. डोकं ठणकतं. वांगी एक तर कच्ची, नाहीतर कोळसा. सौ. दोन घास घेते, तेही माझ्याकरता. बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्यात. आज म्हणाली, "तुमच्या हातच्यापेक्षा पेज बरी." हौसेनं पेज केली. तीही नको.

९ फेब्रु.
नाकाला पहिला वास आला. तिच्या अंथरुणाचा. औषध, घाम, आणि आणखी काहीतरी, जे

डबी मागायला उठलो. मालतीबाईंच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

१४ फेब्रु.
वांगी भरली, गूळ आठवणीनं. निखारे ठेवले आणि पातेल्याशी वाकून बसलो, सारखा हुंगत. आधी नुसता कोळसा. मग खोबरं. मग तीळ. मग एक गोडसर, जरा कडेला लागल्यासारखा. हाच का? हाच असावा. फडकं शोधायला हात पुढे केला, तोच आतून:

"काढा आता."

काढली. बरोबर झाली होती.

अख्खं एक खाल्लं. म्हटलं, "अगं..." आणि थांबलो. ती वांग्याचं देठ चोखत होती, माझ्याकडे न बघता. तिला वास आला, की माझं हुंगणं ऐकू आलं?

उद्या हुंगताना आवाज होऊ न देता बसावं, म्हणजे कळेल, असं मनात आलं.

नाही बसणार.