देवयानीवरचा डाग

९ नोव्हेंबर
लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली. लाइट गेलेली. माधव आणि मी विहिरीच्या कठड्यावर बसून एकाच ताटलीतली कडबोळी खात होतो. तेलकट बोटाने त्याने वर दाखवलं. "तो धुरकट ठिपका. देवयानी. दुसरी आकाशगंगा आहे ती." मला दिसेना. म्हणाला, "सरळ बघू नकोस. जरा बाजूला बघ, मग दिसेल."
तो आता नाही. आज त्याचीच दुर्बीण त्याच जागी लावली. वारा नाही. फोटो बरे यावेत.

१० नो.
लॅपटॉपवर पाहिले. देवयानीच्या मधोमध, जिथे सगळ्यात उजळ हवं, तिथे करडा डाग. कॅमेऱ्यात धूळ गेली. खारी हवा, दुसरं काय. साफ केला.

११ नो.
पहाटे फ्लॅट काढले. दुर्बिणीच्या तोंडावर माधवचं पांढरं धोतर ताणून उजळत्या आभाळाचे फोटो घ्यायचे. धूळ त्यात उमटते, मग मूळ फोटोतून वजा करता येते. शेजारची रंजना कुंपणावरून, "मावशी, काकांचं धोतर परत दुर्बिणीला? तिला पण सोवळं लागतं काय?"
वजा केलं. डाग तसाच.

१५ नो.
कॅमेरा फिरवून लावला. डाग मधोमधच. फोटो मोठा केला, डाग तेवढाच. हे बरोबर नाही.

१६ नो.
रंजनाचे होमस्टेतले पाहुणे गेले, तशी तिला फोटो बघायला बोलावलं. "मध्ये काळं दिसतं का गं?"
"न्हाय ओ. मधी तर दिव्यासारखं लख्ख हाय."
मी वळून तिच्याकडे पाहिलं. तिची टिकली दिसेना.
चहा केला.

१९ नो.
अलिबाग. डोळ्यांची डॉक्टर, माझ्या लेकीच्या, इराच्या वयाची. "कधीपासून आहे?" दिवाळीपासून. "मग इतके दिवस काय करत होतात?"
"कॅमेरा पुसत होते."
ती हसली नाही. दोन्ही डोळे तपासले. डोळ्यांत दोष नाही म्हणाली, मागे कुठेतरी आहे. मुंबईला जाऊन डोक्याचा स्कॅन, लगेच. घरीसुद्धा जाऊ नका.
घरी आले.

२१ नो.
इराला कळवलं होतं, तिचा फोन. "आई, उद्या गाडी घेऊन येते. आणि ते दुर्बिणीचं वेड आता पुरे." बरं म्हटलं.
शाळेत प्रार्थनेला सिस्टर डोळे मिटायला लावायच्या, मी बोटांच्या फटीतून बघत राहायचे. आज दिवा लावला आणि आपण होऊन मिटले. मिटल्यावरही डाग
नंतर अंगणात गेले. सरळ बघितलं तर आभाळालाच भोक. जरा बाजूला बघितलं. दिसली.

२२ नो.
इरा दुपारपर्यंत पोचेल. डाग वाढलाय. अक्षरं तिरकी बघून लिहितेय.
दुर्बीण आणि स्टँड म्हसळ्याच्या शाळेला, पण हौसेनं दाखवणारं कुणी असेल तरच. अंगणातल्या वेताच्या खुर्च्या रंजनाला. कॅमेरा इराला. धोतर कुणाला देऊ नये, ते माझ्या बॅगेत आहे.
देवयानीचे फोटो लॅपटॉपवर एकावर एक रचून एक करायचे राहिलेत, ते इराने रचावेत. मधोमध काय दिसतं ते मला सांगावं. तेव्हा मी दुसरीकडे बघत असले, तर तिच्याकडेच बघते आहे असं समजावं.